काठ-सात

वडगावात दुपारी माग थांबतात ते फक्त लाईट गेल्यावर.
आज लाईट आहे. भिंतीपलीकडे सहा माग,
अलीकडे मी, दोन कॉम्प्युटर, एक निळी वायर,
आणि अप्पा, जे "मला त्यातलं काय कळत नाही" म्हणत
खुर्ची ओढून अगदी जवळ बसलेत.

जुना कधीकाळी पांढरा होता,
आता हळदीच्या हातानं पुसल्यासारखा.
आतला सेल मेलाय. दर वेळी उठतो
आणि सांगतो, आज एक जानेवारी दोन हजार दोन.
"असू दे की," अप्पा म्हणतात. "तेव्हा गुडघे बरे होते."

त्याच्या पोटात तीनशे बारा काठ.
अप्पांनी माऊसनं ठिपका ठिपका भरलेले,
एक ठिपका म्हणजे एक धागा.
रुद्रय्याला त्यातला सातवा हवाय, आजच, मोबाईलवर.
पेन ड्राईव्हची भोकं गेलीत, सीडीचा ट्रे अडकलाय.
उरली वायर.

पिंग केलं. चार पाठवले, चार परत आले.
म्हणजे ओळख आहे,
खरं घरात घेत नाही.
नव्याच्या यादीत टीव्हीसुद्धा दिसतो, जुना नाही.
ग्रुपचं नाव बघितलं: हा वर्कग्रुप, तो एमएसहोम.
बदललं. रीस्टार्ट. परत एक जानेवारी.
फायरवॉल दोन मिनिटं उतरवली, काही फरक नाही, चढवली.
आयपी हातानं लिहिला तर शेवटचा आकडा
चुकून दोघांचा एकच,
मग काय, चारातला एकही परत येईना.

चार वाजता सापडलं.
जुना ज्या बोलीत फाईल देतो
ती नव्याला येते.
फक्त बंद करून ठेवलीय, धोक्याची म्हणून.
"म्हणजे कळतंय, खरं बोलायचं नाही,"
अप्पा म्हणाले, "कचेरीतल्या साहेबासारखं."

राउटरमधली बाहेरची वायर आधी काढली,
मगच त्या चौकटीत टिक केली.
जुना दिसला.
डबल क्लिक. पासवर्ड द्या.
"कसला पासवर्ड? त्याच्या दाराला कडीच नव्हती."
तेच तर. बिनकडीच्या घरात नवा जात नाही.
म्हणून अप्पांनी कडी केली, दोन बोटांनी,
मला बघू न देता,
आणि मग मला सांगावंच लागलं:
"चार दोन शून्य शून्य."
हे काय?
"रुद्रय्याकडची बाकी. दोन हजार दोनची."

दार उघडलं.
तीनशे बारा काठ वायरीतून आले
त्याला चहा गाळण्याइतकाही वेळ लागला नाही.
अप्पांना ते आवडलं नाही.
"एकेकाला चार-चार दिवस घालवले होते," म्हणाले,
आणि बशीत चहा ओतला.

काठ-सात उघडला तर नव्या पडद्याच्या कोपऱ्यात
पोस्टाच्या तिकिटाएवढा.
मोठा केला, अजून मोठा, धागे मोजता येतील इतका.
गोमीची नक्षी, लाल, मधे पिवळी.
तिसऱ्या गोमीला एक पाय कमी.
भरू?
"नको नको. तिथं लाईट गेली होती.
रुद्रय्यानं तसाच विणला.
ती लुगडी आठवड्यात संपली,
आता गिऱ्हाईक तीच लंगडी गोम मागतंय."

टिक काढली. बाहेरची वायर परत लावली.
जुना आपल्या जानेवारीत बंद झाला.
रुद्रय्याला काठ पाठवला,
लगेच त्याचं एकच अक्षरी उत्तर: "बंत."
"पोचला म्हणतोय," अप्पांनी चष्मा सारखा केला.
"लिही त्याला. काठ आला,
आता बाकी येऊ दे."

लिहिलं.
दोन निळ्या टिका झाल्या.
रुद्रय्या टाईप करतोय, असं दिसायला लागलं,
आणि भिंतीपलीकडे सहा माग चालू असताना
बराच वेळ
तसंच दिसत राहिलं.