एकोणचाळीस

माझ्या तक्त्यात नऊ रकाने आहेत.
सातव्यात लिहायचं: प्रश्न विचारल्यावर
बाई किती वेळ गप्प राहिल्या.
सेकंदांत. दशांशाच्या एका स्थळापर्यंत.

धायरी, बोपोडी, मुंढवा, कात्रज,
सव्वीस वर्ग झाले आतापर्यंत.
सरासरी एका सेकंदाला जरा कमीच भरते.
तेवढ्यात मूल फार तर श्वास आत घेतं
आणि बाई म्हणतात, बरं, दुसरं कोण सांगेल?

कार्यालयात या आकड्यावर सगळे हसले.
मी नाही हसले.
बावीस वर्षं फळ्यापाशी उभी होते मीही.

आज खराडी. महापालिकेची शाळा, तिसरीचा वर्ग.
खिडकीबाहेर अर्धा टॉवर आणि त्याची क्रेन.
शिकवतायत वाघचौरे बाई,
म्हणजे शलाका, वय वीस, डी.एल.एड.चं दुसरं वर्ष,
आंतरवासितेचा नववा दिवस.
भोरहून पहाटेची एसटी पकडून आलेली,
ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना,
टाचणवहीला खाकी कव्हर.
वहीत लिहिलंय: अपेक्षित उत्तर, ३९.

"पाटीवर लिहा, एकोणचाळीस."

खडूंची टकटक. पाट्या वर.
खिडकीकडच्या रांगेत शरणम्मानं लिहिलंय ४१.
मागून कोणीतरी खिदळलं.
एक ऐकू आला, चाळीस ऐकू आले,
लिहिले तिनं. कानानं काही चूक केली नव्हती.

शलाकानं एकदा माझ्याकडे पाहिलं.
मी खाली पाहिलं, तक्त्यात.
(आम्ही तिथे नसतोच, असा नियम आहे.)
मग ती पाटीजवळ उकिडवी बसली
आणि म्हणाली, "असं का गं लिहिलंस?"
आणि गप्प राहिली.

मी घड्याळ दाबलं.

पंखा. खालून खिचडीच्या फोडणीचा वास.
क्रेनची शिट्टी, मग कुठेतरी सळया पडल्याचा आवाज.
शलाकाचा गुडघा थरथरत होता,
पण ती उठली नाही.
"बाई, मी सांगू? बाई, मी?"
तिनं नुसता हात वर केला, थांबा.

"घरी मूवत्तोंबत्तु म्हणतात," शरणम्मा म्हणाली.
"तीस अन् नऊ. सरळ."
आणि पुन्हा गप्प.
शलाकाही गप्प.
मला वाटलं, आता सांगेल ही,
ऊण म्हणजे कमी, एक ऊण चाळीस,
मीच सांगितलं असतं एव्हाना,
जीभ टाळूला लागलीच होती.

पोरगी फळ्याकडे बघत होती.
कोपऱ्यात मॉनिटरच्या तिरक्या अक्षरात
पट ४०, हजर ३९,
सकाळपासून तिथेच होतं ते. आम्ही सगळे ते वाचून बसलो होतो.

"हां," ती म्हणाली.
"म्हणजे चाळीसच.
पण अयान नाही आला."

कोणी म्हणालं, त्याची दाढ सुजलीय.
कोणी म्हणालं, दाढ नाही, सुळा.
वर्ग त्या दातामागे गेला,
शलाका हसली, मग डोळे पुसले, मग खडू शोधत बसली,
आणि शरणम्मानं थुंकी लावून
४१ पुसून टाकले.

आठव्या रकान्यात मी थबकले.
उत्तराचा प्रकार: बरोबर, चूक, अप्रस्तुत.
अयानचा रकाना नाही.

बसमध्ये आठवला सुभाष कुंभारकर.
पाचवी ब, कुठलं साल ते नक्की नाही.
तोंड उघडायचा तो, जीभ वर जायची,
आणि मी म्हणायचे, बस खाली.
काय सांगणार होता, कुणास ठाऊक.

विमाननगरच्या सिग्नलला रुमाल काढायला पर्स उघडली
तर आत घड्याळ चालूच.
थांबवायचंच राहिलं होतं.
सातवा रकाना कोरा,
आणि काचेआड आकडे पळतायत,
अठ्ठेचाळीस मिनिटं, नऊ सेकंद, दहा.