कलम

रुवीत, लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस.
वकीलसाहेब कोर्टात असतात, कागद माझ्याकडे.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं,
त्या आवाजावर मी करार वाचते.

आज शरफुद्दीन होडेकर आले, जैतापूरचे.
सव्वीस वर्षं मस्कतच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी :
मोबाइल, अत्तर, टायर, येथे अबाया शिवून मिळेल.
मग फ्लेक्स आला. उरलेल्या डब्यांतून
ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या रंगवू लागले,
कॅनव्हासवर.
अकरा चित्रं. सगळ्यांत टाक्या.
ऊन असं, की पांढरा रंगसुद्धा डोळे बारीक करून बघावा.

"गॅलरी ठेवून घेतेय," म्हणाले, "विकलं तर निम्मे."
सोळा पानं, इंग्रजी.
पहिल्या पानावरचं स्वतःचं नाव तेवढं वाचलं होतं
आणि त्यातली चूक दुरुस्त करून आणली होती,
ब्रशने.

चाचा, ही अडत आहे, मी म्हटलं.
माल तुमचा, गाळा त्यांचा.
ते एकदम सरळ बसले.
आमच्या बाजूच्या माणसाला
अडत समजावून सांगावी लागत नाही.

बाबा देवगडहून पेट्या पाठवायचे.
पंधरा दिवसांनी पट्टी यायची :
हमाली, तोलाई, भाडं,
आणि खाली दर वर्षी तीच ओळ, डाग, चार पेट्या.
तो डाग कुणी पाहिला?
बाबा पट्टीची घडी करून खिशात घालायचे
आणि पुढच्या हंगामात त्याच दलालाकडे.
त्याचे रिकामे खोके आधीच येऊन पडलेले असत पडवीत.

म्हणून सातव्या कलमावर मी थांबले.
'नुकसानीबाबत गॅलरीचा निर्णय अंतिम राहील.'
खोडलं. लिहिलं : डाग दाखवावा.
फोटोसह, तीन दिवसांत.
विमा गॅलरीचा. भिंतीवर, गोदामात, आणि वाटेत.
'वाटेत' हा शब्द चाचांनी मला दोनदा वाचायला लावला.

दुपारी बुशरा अल-लवाती स्वतः आल्या.
मी दलालाची वाट बघत होते,
आलं ते एक दमलेलं माणूस.
गाळ्याचं भाडं, दमटपणा मोजायचं यंत्र,
गेल्या वर्षी चित्र घेऊन पैसे बुडवणारं गिऱ्हाईक.
"दहा टक्के सवलत मला न विचारता देता यायला हवी.
गिऱ्हाईक दारात उभं, आणि हे फोन उचलत नाहीत."
खरं होतं. ते गच्चीवर असतात, फोन खाली.
दहा लिहिलं,
पण त्यांच्या निम्म्यातून.
त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

गॅलरी बुडाली तर?
हे मीच विचारलं.
कुणी बोललं नाही. बादलीत दोन थेंब पडले.
'पूर्ण पैसे हाती येईपर्यंत मालकी चित्रकाराची.
घरमालक, बँक, देणेकरी,
कुणीही हात लावू नये.'
ती ओळ बुशराबाईंनीच मोठ्याने वाचली,
दुसऱ्यांदा जरा हळू.

मग सही.
पासपोर्टवरची बाविसाव्या वर्षीची, थरथरती.
चित्रांवरची पाटीसारखी, अक्षरांना खाली सावली.
कोणती करू?
दोन्ही, मी म्हटलं, शेजारी शेजारी.
सावलीला बराच वेळ लागला.
साध्या बॉलपेनने, एकेक रेघ,
ऊन डावीकडून येतंय असं धरून.
बुशराबाईंनी हातातली किल्ली पर्समध्ये ठेवली.

सगळे गेल्यावर बादली मोरीत ओतली,
बाबांना फोन लावला.
"आज सातव्या कलमाला मी..."
"ते गेल्या साली वाळलं," बाबा म्हणाले,
"विहिरीकडचं ना? त्याच जागी नवं लावलंय.
दोन पानं आलीत, तांबूस."
मी त्यांना दुरुस्त केलं नाही.
पाणी कोण घालतं, तेवढं विचारलं.