अल्टर

सेलूच्या स्टेशन रोडवर पॅन्ट आखूड करायचे चाळीस रुपये,
हातानं टाके हवे असतील तर साठ.
पाटीवर लिहिलंय. तरी गिऱ्हाईक विचारतं,
तीसला करता का?

डॉर्टमुंडात चौदा युरो.
संघमित्रानं फोनवर सांगितलं तेव्हा
मी खडूनं कापडावरच गुणाकार केला,
शंभराचा एक धरून.
खडू पुसायचा राहिला.
डख बाईंच्या ब्लाउजच्या पाठीत
ते चौदाशे तसेच अस्तराखाली गेले.

चौदाशेत मी पस्तीस पॅन्टा करीन, म्हणलं.
ती हसायली.
"आक्का, इथं गुणायचं नसतं.
गुणलं की घास उतरत नाही.
पहिल्या महिन्यात कोथिंबिरीची जुडी हातात घेतली,
दीडशेची झाली,
परत ठेवली.
तीन महिने वरण तसंच खाल्लं.
पगार गुणायचा, खर्च गुणायचा नाही.
एवढं जमलं की माणूस राहतं इथं."

फोनच्या दुसऱ्या चौकटीत मस्कतहून नुसरत,
शिवणक्लासात माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची ती.
एकशे तीस रियाल.
खोलीत सहा खाटा, एका खाटेचे पंचवीस,
मग जेवण, मग रिचार्ज,
मग गेल्या वर्षीच्या दाताचे अजून थोडे.
"गावाकडं भाऊ गुणतो," ती म्हणाली,
"मी भागते."

मी विचारलं, एका पॅन्टीला तिकडं वेळ किती लागतो?
संघमित्राला माहीत नव्हतं, ती तर नर्स.
नुसरत म्हणाली, बारा मिनिटं. मशीन चांगली असली तर दहा.
माझीही बाराच,
लाइट असली तर.
मग त्याच बारा मिनिटांचे वरचे तेराशे साठ
जातात कुठं?

संघमित्रा बोटं मोडत बसली.
दुकानाचं भाडं. हिवाळ्यातलं हीटर.
त्या बाईचा डॉक्टर, त्या बाईचं म्हातारपण.
"आणि रविवार."
रविवारचे पैसे?
"हां. ती रविवारी दुकान बंद ठेवते ना,
तेही त्यातच धरलेलं असतं."
नुसरत काही बोलली नाही.
तिच्या चौकटीत मागं कुणीतरी खाटेवर कूस बदलली.
मी पाटीकडं बघितलं.
चाळीस.
त्यात सुई आहे, दोरा आहे, बॉबिन आहे,
फार तर अर्धा कप चहा.

डिसेंबरात ती देवगिरीनं उतरली,
बॅगेत नऊ पॅन्टा,
दोन वर्षं खालून दुमडून घातलेल्या.
दुमडीत त्या गावची बारीक वाळू.
कंबर पण बघ, म्हणाली, पट्टा लावूनही घसरतात.

वही काढली. जाताना तीस होती.
आता साडेसत्तावीस.
"टेप नीट धर की."
परत धरली. साडेसत्तावीस.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
मी टेप उलटी करून सेंटिमीटरची बाजू बघितली.
सत्तर.
"बघ," ती म्हणाली, "केवढी झाले."
आम्ही दोघी हसलो, मग ती चहा ठेवायला आत गेली.

नऊ पॅन्टांचे तीनशे साठ.
तिनं पाचशेची नोट मशीनवर ठेवली,
मी एकशे चाळीस मोजून दिले.
तिनं घेतले. न घेती तर मी भांडले असते.

वहीतलं जुनं माप खोडलं नाही,
शेजारी नवं लिहिलं.
आणि कंबरेचं जास्तीचं कापड
कापलं नाही कुठंच.
नऊच्या नऊ पॅन्टांना
अडीच इंचाची माया आत ठेवली.