हात माझे होते

बस, पोरा. बूट राहू दे पायात, फरशी गार आहे.
केक कशाला आणलास? गोड मला वर्ज्य.
पण ठेव, शेजारची हासमिक खाईल
आणि आठवडाभर तुझं कौतुक करील.

तर तो सिनेमा तुम्हाला पुन्हा काढायचाय.
रंगीत. बरं.
आणि विचारायला माझ्याकडे आलास?
माझं नाव पोस्टरवर नव्हतं, शेवटच्या पाट्यांतही नव्हतं.
वराझदातने सांगितलं ना? वाटलंच.
त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

हो, हात माझे होते.
त्या नटीने आदल्या रात्री सामोवारवर बोटं भाजून घेतली.
येरेवानहून दुसरी यायची तर तीन दिवस,
आणि बर्फ वितळायला लागलेला.
मी मोज्यांच्या कारखान्यात होते, एकोणीस वर्षांची.
कुणीतरी म्हणालं, हिचे हात बघा.
तसं माझ्याकडे त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.
नंतरही... जाऊ दे.

खिडकीच्या वाफाळलेल्या काचेवर शुशान त्याचं नाव लिहिते, लेवोन,
आणि गाडी सुटताना तळहाताने पुसून टाकते.
ते बोट, तो तळहात.
अकरा वेळा लिहिलं मी ते नाव.
वाफ यावी म्हणून एक पोरगा खाली किटली धरून बसलेला.
गाडी कुठली सुटतेय?
दहा-बारा हमाल डब्याला खांदा लावून हेलकावे देत होते.
त्यातल्याच एकाशी मी लग्न केलं.
गार्निक जन्मभर सांगायचा,
'अख्ख्या देशाला मी रडवलं, या खांद्याने.'

पुढे घरोघरी शुशान जन्मल्या.
मी बाजारात बटाटे निवडायची, याच हातांनी,
आणि बटाटेवाली मलाच तो सिनेमा सांगायची,
डोळे पुसत, वजनात मारत.

मग तो डिसेंबर आला. सकाळचे अकरा एक्केचाळीस.
चार दिवस हे हात दगड उचलत होते.
बघ, ही दोन नखं परत आलीच नाहीत.
तिसऱ्या दिवशी गार्निक सापडला.
आधी खांदा दिसला.

काय विचारत होतास?
हां. लोक म्हणतात, त्या सिनेमाला हात लावू नका.
मला हसू आलं, दुसरं काय येणार?
पण खरं सांगू, वर्षातून एकदा टीव्हीवर लागतो
तेव्हा मी आवाज बंद करते आणि तेवढंच बघते.
दहाच्या दहा नखं.
त्या काचेपलीकडे जी भिंत दिसते ना, काळ्या दगडाची,
ती आता तिथेच आहे फक्त. तू ती कुठून आणशील?
पुठ्ठ्याची करशील. कर.
आमची गाडी तरी कुठे खरी होती?

एक गोष्ट वराझदातलाही ठाऊक नाही.
अकराव्या वेळी शेवटचा 'न' पुसायचा राहिला.
जाऊन बघ, कोपऱ्यात दिसतो.
लोकांनी त्यावर लेख लिहिले,
मोठमोठे अर्थ काढले.
दिग्दर्शक सगळ्यांना मान डोलवायचा.
मी दमले होते म्हणून राहिला,
की मीच राहू दिला,
आता मलाही सांगता येणार नाही.
समोर खिडकीबाहेर गार्निक घामाघूम,
माझ्याकडे बघत डबा ढकलत होता.

तुमची शुशान काय पुसणार रे?
हल्ली काचेवर कोण लिहितं,
आणि फोनमधून काढलेलं नाव म्हणे कुठेतरी उरतंच.
मग रडायचं कशावर, ते तुमचं तुम्ही ठरवा.
माझ्याकडे हो नाही आणि नाहीही नाही.

पण त्या मुलीला पाठव.
काम करणारीला नव्हे,
जिचे हात घ्याल तिला.
जानेवारीत पाठव, काच तयार असते.
मी किटली ठेवीन.
शिकवणार काही नाही,
किती पुसते तेवढं बघायचंय.

आणि केकचा डबा नेऊ नकोस.
बटणांना होईल.