नावांचं पान

ग्रंथ एकच होता आमच्या बारा घरांत,
आणि तोही उसना.
कोर्नेलियस थीसननं तीन हिवाळे बसून
खाणीच्या हिशेबाच्या कागदांवर, पाठकोऱ्या बाजूला,
जमेल तेवढा उतरवला,
मग शिवण न घालताच पानं वाटली.
झडतीत गेलंच, तर सगळं जाऊ नये म्हणून.

युस्टिनाला स्तोत्रं मिळाली.
ग्रेटाला वादळात होडीत झोपलेला तो.
मला नुसती नावं.
अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कोणी.
कारागांडाची थंडी,
बादलीतलं पाणी विहिरीपासून दारापर्यंत येताना गोठायचं,
त्यात नावं काय पांघरायची?

खरं सांगते, मी कोर्नेलियसशी आठवडाभर बोलले नाही.

पण दुसरं वाचायला नव्हतंच काही.
बटाट्यांच्या खड्ड्यातून पान काढायचं,
चुलीच्या उजेडात धरायचं,
पुन्हा बटाट्यांखाली.
जीभ अडखळायची. मग एक दिवस अडखळेना,
आणि तेव्हा दिसलं :
बापांच्या त्या लांबलचक रांगेत
चार ठिकाणी बाई उभी आहे.

कोण या? माझ्या पानावर त्यांची गोष्ट नव्हती.
मी घरोघर विचारत निघाले,
मीठ मागायच्या निमित्तानं.
एकीच्या खिडकीला तांबडी दोरी होती, ती ग्रेटाकडे सापडली.
एकीची कथा म्हातारी हेलेना सांगेचना,
"तुझं वय नाही," म्हणाली. मी चाळिशीची होते.
तिसरी परक्या शेतात पडलेली कणसं वेचायची.
युस्टिना वाचता वाचता थांबली.
तिच्या बहिणीला पाच वर्षं झाली होती
त्याच गुन्ह्यासाठी.
चौथीचं तर नावच नाही. फक्त नवऱ्याचं.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला
कमांडंटच्या वहीत सही करायला जायचे मी.
तिथंही तसंच लिहिलेलं :
विबे, हाइनरिख, मयत. त्याची बायको.
त्या दिवशी टाक हातात घेतला
आणि मनात म्हटलं, चौथीबाई,
सरक जरा, मला जागा दे.

त्याआधीची माझी प्रार्थना
म्हणजे पावाच्या रांगेतली रेटारेटी.
हे दे, ते दे, पोराचा ताप उतरव, आधी माझं ऐक.
आता मी फक्त नावं घ्यायला लागले.
पानावरची आधी, मग आमची :
हाइनरिख, ज्याला नदीपलीकडच्या छावणीतून परत आणलं नाही.
आगाथा, मालगाडीत, दुसऱ्या रात्री.
तिचं बाळ, ज्याचं नाव ठेवायचं राहिलं.
त्याच्यापाशी मी नुसतीच थांबायचे.
मागणं काही उरत नसे.
कोणीतरी ऐकतंय एवढं कळायचं,
शेजारच्या खोलीत कोणी जागं असलं की कळतं तसं.

एक मात्र खटकायचं.
पानाच्या शेवटी लिहिलंय : चौदा, चौदा आणि चौदा पिढ्या.
मधल्या माझ्या मोजणीत तेराच भरायच्या.
बोटांवर मोजल्या, वाटाण्यांवर मोजल्या.
शाळा चार वर्षांची, म्हटलं माझंच चुकतंय.

कोर्नेलियस गेला. पोरं मोठी झाली.
एकोणीस वर्षांनी कोणीतरी कोटाच्या अस्तरात शिवून
छापील ग्रंथ आणला, अख्खा.
सगळ्या जणी स्तोत्रांवर तुटून पडल्या.
माझी पाळी आली मध्यरात्री.
मी माझंच पान उघडलं, बोट ठेवून चालत गेले,
आणि मधल्या रांगेत एक अनोळखी माणूस भेटला.

कोर्नेलियसची डुलकी. एक नाव सुटलेलं.

एकोणीस वर्षं मी त्याच्यावरून उडी मारून पुढे जात होते,
त्याच्या बापाला त्याच्या पोराचा बाप करून.
जुनं पान आणलं, पेन्सिल जिभेवर ओली केली,
आणि दोन ओळींच्या सांदीत त्याला बसवलं,
अक्षर बारीक करून.

मग दिवा विझवला
आणि पहिल्यापासून सुरुवात केली.