लिलावाची यादी, १८४७

तळघरात दोनच दिवे, आणि कागदांना
भिजल्या गोणपाटाचा वास.
दप्तर सांभाळणारी लुएला म्हणते, मोजे नकोत,
फक्त हात धुऊन या, आणि पान कोपऱ्यातून उलटा.

मी तीस वर्षं या काउंटीत टपाल टाकलं.
खडीच्या रस्त्यावरच्या पेटीन् पेटीचं नाव मला पाठ.
पण आईच्या पणजीची आई,
तिचं माहेरचं नाव मला ठाऊक नाही.

चाळीस सालच्या शिरगणतीत घरधन्याचं नाव आहे: रॅन्सम टीग.
तिच्या वाट्याला उभी रेघ.
‘बायका, तीस ते चाळीस’ या रकान्यात
शाईची एक रेघ, जराशी डावीकडे कललेली,
वाऱ्याकडे पाठ करून कुणी उभं असावं तशी.

पुढं नाव मिळतं, पण दर वेळी निराळं.
किझाया. कझाया. एकदा तर किसायर.
मोजणीदार घोड्यावरूनच विचारत असणार
आणि ही आतून, पिठाच्या हातांनी, ओरडून सांगत असणार.
वयाचंही तेच. पन्नास साली एकेचाळीस,
साठ साली सेहेचाळीस.
दहा वर्षांत पाचच वर्षं उतरली बाई!
मी हसले. लुएलानं चष्म्यावरून पाहिलं.
जन्म दोन्हीकडे नॉर्थ कॅरोलायना.
समुद्रापासून डोंगरापर्यंत पसरलेलं राज्य,
त्यात एक मुलगी शोधायची, आडनावाशिवाय.

आज ही यादी निघाली.
रॅन्सम टीग ऐन नांगरटीत गेला, मृत्युपत्र न करता.
कायद्यानं सगळं त्याचं, म्हणून सगळं अंगणात मांडलं,
शनिवारी, जो चढा बोलेल त्याला.
तपकिरी घोडी. दोन विळे. मधाच्या पेट्या.
मग:
विधवा, लोखंडी हंडा, पस्तीस सेंट.
विधवा, निळ्या काठाच्या तीन बशा, एक तडकलेली, अकरा सेंट.
विधवा, चरखा, साठ सेंट.

म्हणजे शेजाऱ्यांच्या घोळक्यात उभी राहून
तिनं आपल्याच चुलीवरच्या हंड्याला बोली लावली.
कुणी तिच्यावर चढ केली का, यादी सांगत नाही.

माग तिला परवडला नसावा.
हातमाग, फणीसकट, इलम स्ट्राउड, चार डॉलर.

मी बाड बांधायलाच घेतलं होतं.
पण एकाहत्तर सालचं तिचं मृत्युपत्रही मी काढून ठेवलंय,
खाली सहीच्या जागी फुली.
त्यात म्हटलंय: माझा माग माझी मुलगी थर्झा हिला.

लुएला म्हणते, दुसरा माग असेल.
असेल.
मला मात्र दिसतो तो स्ट्राउड,
अर्ध्या वाटेवरून गाडी वळवून
अंधारायच्या आत परत आलेला,
माग होता त्याच भिंतीशी टेकवून,
घोड्यांना पाणी दाखवून, न बोलता निघालेला.
चार डॉलर मोजून असं कोण करतं?
माहेरचं माणूस करतं.

हा पुरावा नव्हे, डार्लाबाई, लुएला म्हणाली.
खरंय. मी पेन्सिलीनंच लिहिलं, हलक्या हातानं:
किझाया स्ट्राउड, पुढं प्रश्नचिन्ह.

पाचला तळघर बंद होतं.
परतीच्या वाटेवर, बक लिकच्या पुलापाशी
एक गंजकी पेटी आहे, स्ट्राउड नावाची.
तिच्यात मी तीस वर्षं विजेची बिलं टाकली,
बियाण्यांचे कॅटलॉग टाकले.
आज गाडी थांबवली.
झाकण उघडंच होतं. उतरून लावलं.