एकतीस खिडक्या

दत्त नगरच्या बोळात फोटो आला,
घडी पडलेली, नेमकी मधल्या बुरुजावरून.
फ्रान्समधली कुणाची तरी जहागीर :
उतरत्या छपराची दगडी कोठी, डावीकडं तबेला,
गोल कबुतरखाना, तळं,
आणि फाटकापासून दारापर्यंत
प्रार्थनेला उभी केल्यासारखी झाडं, दोन रांगांत.
"भिंतीवर टांगायला पाहिजे," दलाल म्हणाला.
"चार बाय सहा. दोनशे नग. सहा रंगांत बसवा."

नायनांनी फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखल्या
आणि ग्राफपेपरवर ती जहागीर
घर घर करून उतरवायला बसले.
तीन आठवडे.
मी शेंगा सोलत खिडक्या मोजून द्यायची.
एकतीस. बत्तिसावी अर्धीच, झाडामागं.
अर्धी खिडकी हुकात बसत नाही, म्हणाले,
आणि बुजवली.
तिथं राहणाऱ्याला कळलंही नसेल
भर दुपारी खोलीत अंधार का झाला.

दगडाचा रंग काही मिळेना.
पिवळा फार हळदीचा, करडा फार राखेचा.
शेवटी आईनं परात पुढं केली, ज्वारीच्या पिठाची.
गाजूल पोशट्टीनं दोन खेपा नासवल्या
तेव्हा कुठं ते सूत निघालं.
तळ्यासाठी एवढं कुणी शोधलं नाही,
सिद्धेश्वराच्या तळ्याचा हिरवा
आधीच्या ऑर्डरमधला शिल्लक होता.

पत्ते ठोकले, ओवले, मागावर चढवले.
हा जॅकार्ड फ्रान्सच्याच एका विणकराचा,
नायना म्हणायचे,
म्हणजे पोर माहेरी निघालीय.

फोटोच्या कोपऱ्यात एक माणूस होता.
ढकलगाडी, वाकलेली पाठ, तोंड दिसत नव्हतं.
"हा काढा," दलाल म्हणाला. "डाग वाटतोय."
नायना हो म्हणाले.
हो म्हणून त्याला अकरा घरं दिली :
टोपीला दोन, पाठीला सहा, गाडीला तीन.
रात्री जेवताना एवढंच बोलले,
"मग ती झाडं रांगेत ठेवतं कोण?"

दोनशे नगांबरोबर दोनशे माळी
गाठोड्यांत बांधून गेले.
डाग म्हणून एकही परत आला नाही.

दोनशे एकावा दुय्यम निघाला.
मध्येच लाईट गेली, धोटा अडकला,
बुरुज बोटभर सरकला.
तो आमच्याकडं राहिला, पिठाच्या डब्यावर.
नायना गेल्याला नऊ वर्षं झाली,
माग भंगारात, किलोच्या भावानं.
पश्चिमेच्या उन्हानं छप्पर विटलंय,
कबुतरखाना सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही.
माळ्याचं सूत तेवढं पक्क्या रंगाचं होतं.

दिवाळीआधी मी तो धुते,
रंग उडू नये म्हणून उलटा वाळत घालते.
उलट्या बाजूला सगळं फिरलेलं :
भिंती काळ्या,
एकतीसच्या एकतीस खिडक्यांत उजेड.
तिकडं संध्याकाळ झालेली असते
आणि तो, तोंड फाटकाकडं करून,
गाडी घेऊन निघालेला.